परीक्षेची भाषा आणि शिकवणीची भाषा : खासगी वर्गांचा प्रसार आणि शैक्षणिक विषमता

मराठीत शिकवणी ‘लावली’ जाते. दूध लावावे, वर्तमानपत्र लावावे, खानावळ लावावी, तशीच शिकवणी. घराच्या नित्य व्यवहारात पैसे मोजून आणलेली एक नियमित सेवा, असा त्या क्रियापदाचा अर्थ आहे. हिंदीत ‘कोचिंग करना’ असा प्रयोग रूढ आहे आणि तेथे कर्ता विद्यार्थीच असतो. बंगालीत ‘प्रायव्हेट पडा’, म्हणजे खासगीत शिकणे, असे म्हणतात आणि ‘खासगी’ हे विशेषण तेथे नामाइतके स्वतंत्र झाले आहे. ह्या तीन भाषांमधील तीन वाक्प्रचारांतून एकाच व्यवहाराची तीन रूपे दिसतात : घरात आणलेली सेवा, विद्यार्थ्याने पत्करलेले कष्ट आणि शाळेपासून वेगळी पडलेली दुसरी शाळा. गेल्या चार दशकांत ह्यांपैकी पहिले रूप मागे पडत गेले व तिसरे प्रबळ झाले. ह्या स्थित्यंतराचा शिक्षणावर व सामाजिक विषमतेवर झालेला परिणाम बहुधा फीच्या आकड्यांत मोजला जातो. तो आकडा महत्त्वाचा आहेच. परंतु विषमतेची एक बाजू भाषेची आहे आणि तिच्याकडे साहित्याच्या व भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

खासगी शिकवणीची संस्था स्पर्धापरीक्षेइतकीच जुनी आहे. १८५५ मध्ये भारतातील सनदी सेवेसाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ तेथे ती परीक्षा ‘घोटून घेणारे’ खासगी वर्गही उभे राहिले. वॉल्टर रेन यांचा वर्ग त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होता. परीक्षा सर्वांना खुली होती. मात्र ती द्यायची तर समुद्र ओलांडून जाणे, लंडनमध्ये राहणे आणि तेथल्या वर्गाची फी भरणे क्रमप्राप्त होते. १८७८ पासून कमाल वय एकोणीसवर आणले गेले, तेव्हा भारतीय उमेदवाराला ही तयारी करायला वेळही उरला नाही. परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, ही दादाभाई नौरोजींची आणि राष्ट्रीय सभेची मागणी ह्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १८९३ मध्ये ब्रिटिश लोकसभेने तसा ठराव संमत केला, पण प्रत्यक्षात ती परीक्षा भारतात येण्यास १९२२ हे वर्ष उजाडावे लागले. परीक्षेचे दार उघडे असणे आणि तयारीची जागा आवाक्यात असणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्या पिढीला नेमका कळला होता.

त्या काळातील भारतीय साहित्यात शिकवणीचे जे चित्र येते ते मात्र आजच्यापेक्षा उलट आहे. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘मास्टरमशाय’ (१९०७) ह्या कथेतील हरलाल हा गरीब तरुण श्रीमंताच्या घरी मुलाला शिकवायला जातो. पुढे तोच लाडका विद्यार्थी विलायतेला जाण्यासाठी हरलालजवळ असलेली मालकाची रक्कम घेऊन निघून जातो आणि त्या आघातात हरलालचा अंत होतो. येथे गरजू आहे तो शिक्षक. पैसा आणि सत्ता विद्यार्थ्याच्या घरात आहे. मराठी वाङ्मयातील गरीब विद्यार्थ्याची प्रतिमाही ह्याच जगातली : वार लावून जेवणारा, माधुकरी मागणारा, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून आपले शिक्षण चालवणारा. शिकवणी हे तेव्हा गरीब हुशार मुलाच्या उपजीविकेचे साधन होते. आज ते त्याच्या मार्गातील पहिला खर्च झाले आहे. हा बदल केवळ प्रमाणाचा नाही, संबंधाची दिशाच फिरलेली आहे.

दिशा कशी फिरली, हे पाहण्यासाठी राजस्थानातील कोटा ह्या शहराचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. कोटा हे मुळात कारखान्यांचे गाव. तेथील जे. के. सिंथेटिक्स ह्या कारखान्यात अभियंता असलेले व्ही. के. बन्सल यांना स्नायूंच्या आजाराने ग्रासले आणि ऐंशीच्या दशकात त्यांनी घरी शिकवणी घेण्यास सुरुवात केली. विद्यार्थी आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेत यशस्वी होऊ लागले, १९९१ मध्ये त्यांच्या नावाचा वर्ग रीतसर स्थापन झाला. १९९७ मध्ये तो कारखाना बंद पडला. हजारो कामगारांची रोजी गेली आणि शहराने दुसरा उद्योग धरला. त्यानंतरच्या वर्षांत देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून मुले कोट्याला येऊ लागली. घरांची वसतिगृहे झाली, खानावळी उघडल्या, चाचणीतील गुणांनुसार विद्यार्थ्यांचे गट पाडून वरच्या गटाला चांगले शिक्षक देण्याची पद्धत रुळली. शिक्षणाला ‘कारखाना’ म्हणण्याची रूपकात्मक सवय जुनीच आहे. कोट्याच्या बाबतीत तिचा शब्दशः इतिहास आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या ‘कोटा फॅक्टरी’ ह्या हिंदी मालिकेच्या नावात तो नकळत उतरला आहे. ह्या व्यवस्थेची मानवी किंमत २०२३ मध्ये देशासमोर आली. त्या एका वर्षात कोट्यातील वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि प्रशासनाने वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश काढला. एखाद्या समाजाने आपल्या शिक्षणपद्धतीवर केलेले भाष्य म्हणून हा आदेश वाचता येतो.

शाळेचे काय झाले, हे ह्याच साखळीतील पुढचे प्रकरण आहे. वर्ग दिवसभर चालणार तर शाळेला वेळ नाही. म्हणून नाव एका शाळेत आणि शिक्षण दुसरीकडे, अशी ‘डमी’ प्रवेशाची पद्धत पसरली. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालय आणि खासगी वर्ग यांनी संगनमताने चालवलेल्या व्यवस्थेला ‘इंटिग्रेटेड’ हे भारदस्त नाव मिळाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दिल्ली व राजस्थानातील एकवीस शाळांची संलग्नता ह्याच कारणासाठी काढून घेतली. पण अशा शाळेत गैरहजर राहणारा विद्यार्थी काय गमावतो, ह्याचा विचार कारवाईच्या बातमीत येत नाही. प्रवेशपरीक्षेत नसलेला प्रत्येक विषय त्याच्या दृष्टीने मरण पावतो आणि त्यांत मातृभाषा व तिचे साहित्य पहिले असते. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत, म्हणजे गंभीर वाचनाची सवय जडण्याच्या वयात, देशातील सर्वांत महत्त्वाकांक्षी मुलांचा एक मोठा गट साहित्याच्या पुस्तकाला हात न लावता पुढे सरकतो. विद्यापीठांतील भाषाविभागांना ह्या रिकाम्या जागेची जाणीव आहे, तिचे मूळ मात्र ते बहुधा अन्यत्र शोधतात.

आर्थिक बाजूची आकडेवारी थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत साधारण पाचातला एक विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले होते. २०२५ च्या पाहणीत हे प्रमाण २७ टक्के होते. त्याच पाहणीनुसार उच्च माध्यमिक स्तरावर शिकवणीवरील वार्षिक सरासरी खर्च शहरात दर विद्यार्थ्यामागे ९,९५० रुपये, तर खेड्यात ४,५४८ रुपये होता. ही सरासरी शिकवणी न घेणाऱ्यांनाही धरून काढलेली असल्यामुळे मूळ दरी त्यात झाकली जाते. कोट्यासारख्या ठिकाणी वर्षाची फीच लाख-दीड लाखाच्या घरात जाते, राहण्याजेवण्याचा खर्च निराळा. प्राथमिक स्तरावर चित्र राज्याराज्यांत अतिशय भिन्न आहे. ‘असर’च्या २०२२ च्या ग्रामीण पाहणीत पहिली ते आठवीच्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुले पैसे देऊन शिकवणी घेत होती, परंतु बिहार व पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक होते. बंगालच्या बाबतीत अमर्त्य सेन यांच्या प्रतीची न्यासाने २००२ मध्येच इशारा दिला होता की, ज्यांना शिकवणी परवडते त्या पालकांचा सरकारी शाळेवरचा दबाव संपतो आणि शाळा बिघडली तरी आवाज उठवणारे कोणी उरत नाही. हे निरीक्षण मूलगामी आहे. शिकवणी शाळेच्या उणिवा भरून काढते, हा समज अर्धाच खरा. ती त्या उणिवा टिकवूनही ठेवते.

पैशाइतकीच निर्णायक गोष्ट वेळेची आहे. तामिळनाडूत २०१७ पासून वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांऐवजी ‘नीट’ ह्या राष्ट्रीय परीक्षेवर होऊ लागले. त्याचा परिणाम तपासण्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली. समितीच्या अहवालानुसार, प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण चार वर्षांत साधारण १२ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेले. म्हणजे बारावीनंतर एक-दोन वर्षे कमाई न करता केवळ तयारी करू शकणाऱ्या कुटुंबांकडे जागा सरकल्या. ज्या घरात अठराव्या वर्षी मुलाने हातभार लावणे अपेक्षित असते, त्या घराला फी माफ करून हा वेळ मिळत नाही. मुलीच्या बाबतीत हा काळ लग्नाच्या वयाशी येऊन भिडतो आणि परगावी एकटीला ठेवण्याचा प्रश्न त्यात मिसळतो.

ह्याच अहवालातील दुसरी नोंद भाषेच्या अभ्यासकांसाठी अधिक बोलकी आहे. तमिळ माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांचा वैद्यकीय जागांतील वाटा ‘नीट’पूर्वी सुमारे १५ टक्के होता, नंतर तो दोन टक्क्यांच्या आसपास आला. परीक्षा तमिळमध्ये देता येत नव्हती असे नाही. तमिळ प्रश्नपत्रिका उपलब्ध होती, आणि २०२१ पासून तर ही परीक्षा तेरा भाषांत होते. असे असूनही २०२२ मध्ये नोंदणी केलेल्या साडेअठरा लाखांहून अधिक उमेदवारांपैकी जवळजवळ चार-पंचमांश उमेदवारांनी इंग्रजी निवडली. गुजराती निवडणारे पन्नास हजारांच्या आसपास होते, मराठी निवडणारे अडीच हजारांहूनही कमी. महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात मराठी माध्यमाच्या शाळांतून लाखो मुले दहावीपर्यंत शिकतात, हे ध्यानात घेता हा आकडा केवळ आवडीनिवडीने स्पष्ट होत नाही.

तो स्पष्ट होतो तयारीच्या साधनांकडे पाहिल्यावर. प्रश्नपत्रिका ही शेवटच्या तीन तासांची गोष्ट आहे. तिच्या आधी दोन वर्षे विद्यार्थी वर्गातील व्याख्याने, छापील संच, सरावचाचण्या आणि त्यांचे विश्लेषण ह्यांत राहतो आणि हे सारे बहुतांशी इंग्रजीत असते. कोट्यात किंवा दिल्लीत व्याख्यानाची भाषा हिंदीच्या वाक्यरचनेत बसवलेली इंग्रजी परिभाषा अशी मिश्र असते. बिहारच्या मुलाला ती अर्धी ओळखीची वाटते. नांदेडच्या किंवा तिरुनेलवेलीच्या मुलाला तिच्या दोन्ही थरांशी झगडावे लागते. खासगी वर्ग ग्राहकसंख्येवर चालतात, म्हणून ज्या भाषेत हजारोंची एकत्रित बाजारपेठ आहे त्याच भाषेत साहित्य तयार होते. साहित्य नाही म्हणून विद्यार्थी ती भाषा निवडत नाहीत. आणि विद्यार्थी नाहीत म्हणून साहित्य निघत नाही. गुजराती ह्या चक्रातून काही प्रमाणात सुटली, त्यामागे राज्याचा निर्णय आहे. गुजरातने २०१३ पासून अभियांत्रिकी प्रवेशासाठी ‘जेईई मेन’ स्वीकारताना गुजराती प्रश्नपत्रिका मागून घेतली. महाराष्ट्रानेही पाठोपाठ मराठी व उर्दूसाठी तशीच व्यवस्था करून घेतली होती. २०१६ मध्ये दोन्ही राज्ये त्या पद्धतीतून बाहेर पडली, तेव्हा मराठी आणि उर्दूतील भाषांतर थांबले आणि गुजराती मात्र त्या राज्याच्या आग्रहामुळे चालू राहिली. २०१९ मध्ये ‘गुजरातीच का?’ असा प्रश्न पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीरपणे विचारला. मराठी त्या यादीतून कशी गेली, ह्याची चर्चा मराठीत त्या मानाने फारच थोडी झाली. २०२१ मध्ये मराठी परत आली खरी, तोवर मधल्या पाच वर्षांत सराव-साहित्याची पायाभरणी होण्याची संधी गेलेली होती.

प्रश्नपत्रिका भाषांतरित असते, हा मुद्दाही तुलनात्मक अभ्यासाच्या कक्षेत येतो. २०१८ च्या ‘नीट’च्या तमिळ प्रश्नपत्रिकेत भाषांतराच्या चुका आढळल्या. मद्रास उच्च न्यायालयाने ४९ सदोष प्रश्नांसाठी तमिळमध्ये परीक्षा देणाऱ्यांना १९६ गुण द्यावेत असा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे रद्द केला. भाषांतरात संदिग्धता असेल तेथे इंग्रजी पाठ अंतिम मानावा, असा परीक्षेचा नियम आहे. ह्या नियमाचा अर्थ सरळ आहे. मातृभाषेत परीक्षा देणाऱ्याच्या हातात मूळ संहिता नसते, तिची छाया असते. आणि वाद झाला तर छायेला प्रमाण मानले जात नाही. वर्गात जाणारा विद्यार्थी ही गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकतो, कारण वर्गाचा व्यावहारिक सल्ला इंग्रजी पाठ वाचण्याचाच असतो.

संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हीच प्रक्रिया अधिक उघड संघर्षातून गेली. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ ही क्षमताचाचणी आली आणि हिंदी व इतर भारतीय भाषांतून तयारी करणाऱ्यांचे यश झपाट्याने घसरले. २०१४ मध्ये दिल्लीच्या मुखर्जीनगरात, म्हणजे हिंदी माध्यमाच्या शिकवण्यांच्या वस्तीतच, आंदोलन पेटले. आंदोलकांचा एक मुख्य आक्षेप इंग्रजी उताऱ्यांच्या यांत्रिक हिंदी भाषांतरावर होता. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे गुण वगळले गेले आणि २०१५ पासून ती प्रश्नपत्रिका केवळ ३३ टक्के गुणांनी उत्तीर्ण होण्यापुरती राहिली. त्याआधी, मार्च २०१३ मध्ये, मुख्य परीक्षेसाठी प्रादेशिक भाषेचे माध्यम आणि साहित्याचा ऐच्छिक विषय ह्यांवर कडक अटी घालणारी अधिसूचना निघाली होती. ज्याचे पदवीचे माध्यम ती भाषा असेल आणि जेथे किमान पंचवीस उमेदवार असतील तेथेच ते माध्यम मिळणार होते. साहित्य घेता येणार होते ते फक्त त्या साहित्याच्या पदवीधरांना. संसदेत सर्व पक्षांनी विरोध केल्यावर ती त्याच महिन्यात मागे घेतली गेली. ह्या दोन्ही प्रसंगांत भाषेच्या हक्काचा आवाज परीक्षेपुरता उठला व परीक्षेपुरताच शमला. तयारी कोणत्या भाषेत आणि कोणाच्या खर्चाने होते, हा प्रश्न जागच्या जागी राहिला.

शासनाच्या उपाययोजनांतही हा प्रश्न दुय्यम आहे. बिहारने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२५ मध्ये शिकवणी वर्गांसाठी कायदे केले. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे सांगितले. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरातील एका वर्गाच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले, त्यानंतर तपासण्यांची एक लाट आली. नियमनाचा भर नोंदणी, फीचा परतावा, जागा, जाहिराती, मानसिक आरोग्य ह्यांवर आहे आणि तो आवश्यकही आहे. दुसरीकडे बार्टी, सारथी, महाज्योती यांसारख्या महाराष्ट्रातील संस्था वंचित समाजांतील उमेदवारांना विद्यावेतन देऊन दिल्ली-पुण्यातील वर्गांत पाठवतात. त्यातून अनेकांना संधी मिळाली, हे निर्विवाद आहे. मात्र ह्या योजनांमुळे शासनाने एक गोष्ट मान्यही केली : सरकारी शाळा व महाविद्यालय ह्यांतील शिक्षण सरकारी परीक्षेला पुरत नाही आणि उरलेला भाग सार्वजनिक पैशाने खासगी बाजारातून विकत घ्यावा लागतो. आरक्षण जागेला आहे, तयारीला नाही; ही पोकळी अनुदानाने काही जणांपुरती भरते. महाजालावरील स्वस्त वर्गांनी फीचा अडसर बराच कमी केला, हेही नोंदवले पाहिजे. भाषेची उतरंड मात्र तेथेही तशीच उतरली.

ह्या जगाचे साहित्य आता तयार होऊ लागले आहे आणि त्याचा भाषावार नकाशा उद्बोधक आहे. इंग्रजीत चेतन भगत यांच्या ‘रेव्होल्यूशन २०२०’ (२०११) मध्ये वाराणसीचा नायक कोट्यात वर्ष घालवूनही अपयशी ठरतो आणि पुढे स्वतःच शिक्षणाच्या धंद्यात उतरतो. हिंदीत निलोत्पल मृणाल यांची मुखर्जीनगरावरील ‘डार्क हॉर्स’ ही कादंबरी २०१६ च्या साहित्य अकादमी युवा पुरस्काराची मानकरी ठरली. अनुराग पाठक यांच्या ‘ट्वेल्थ फेल’वरील चित्रपट २०२३ मध्ये देशभर गाजला. मराठीत ह्या विषयावरचे प्रबळ लेखन यशस्वी अधिकाऱ्यांच्या आत्मकथनांचे आहे. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’ (२०१६) हे त्याचे सर्वांत वाचले गेलेले उदाहरण. आत्मकथन यशानंतर लिहिले जाते, त्यामुळे त्यात शेवट आधीच ठरलेला असतो. २०२२ मध्ये नागरी सेवा परीक्षेसाठी अर्ज केलेल्या अकरा लाखांहून अधिक उमेदवारांतून ९३३ जणांची शिफारस झाली. उरलेल्यांचे जग रंगवायला कादंबरी हा प्रकार अधिक योग्य, आणि मराठी कादंबरी तेथे अजून फारशी पोचलेली नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत अभ्यासिकांच्या खुर्च्या मासिक भाड्याने घेऊन वर्षानुवर्षे बसलेली मुले हा मराठी समाजाच्या अलीकडच्या इतिहासातील एक मोठा अनुभव आहे, हे पाहता ही उणीव आश्चर्यकारक वाटते.

मराठी साहित्य हा ऐच्छिक विषय मात्र ह्या परीक्षेत टिकून आहे. त्याच्या नेमलेल्या ग्रंथांत नारायण सुर्वे यांचा ‘जाहीरनामा’ आहे, बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे आणि प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) आहे. पोरक्या मुलाने उपाशीपोटी शाळा गाठण्याची आणि पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचण्याची ती कहाणी. त्या महाविद्यालयाने, वसतिगृहाने आणि शिष्यवृत्तीने जे शक्य केले त्यात शिकवणी वर्गाला जागा नव्हती. आज त्या पुस्तकाची ओळख अनेक उमेदवारांना वर्गात मिळालेल्या टिपणांतून होते. कथानक, भूकेचे चित्रण, भाषाशैली, दलित आत्मकथनांच्या परंपरेतील स्थान असे चार मथळे आणि प्रत्येकाखाली पाठ करण्याजोगे मुद्दे, अशी त्यांची मांडणी असते. मागील वर्षांचे प्रश्न शेवटी जोडलेले असतात, आणि टिपणांच्या छायाप्रती नव्या पेठेतील दुकानांत पानांच्या हिशेबाने विकल्या जातात.